पंप कोणाच्या पाठीवर?

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन आली होती. पिशवीत नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, सरकारी दवाखान्याचे कार्ड, शवविच्छेदनाचा अहवाल आणि आधारकार्डाची झेरॉक्स होती. नवरा दुसऱ्याच्या कपाशीत फवारणी करायचा. त्या दिवशी दुपारी वावरातून परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी होती आणि तोंडाला फेस येत होता. दोन दिवसांनी तो गेला. तालुक्याच्या एका कार्यालयात बाईने अर्ज दिला तेव्हा बाबूने सातबारा मागितला. बाई मला म्हणाली, "साहेब, सातबारा नाही म्हणून नाव बसत नाही म्हणतेत. मंग माहा नवरा मेला तो कोनाच्या वावरात?"

वकिलीत मी पुष्कळ युक्तिवाद ऐकले, पण या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेतकरी अपघात विमा योजनेत फवारणीच्या विषबाधेने झालेला मृत्यू बसत होता. पण योजनेतला 'शेतकरी' म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार. पुढे 2019 मध्ये खातेदाराच्या कुटुंबातील एका सदस्याला त्यात घेतले गेले. ज्याच्या कुटुंबातच जमीन नाही, तो बाहेर होता तो बाहेरच राहिला. जमीन एकाची, पीक एकाचे, औषध एका कंपनीचे, नफा दुकानदाराचा आणि मरण भूमिहीनाचे! आपल्याकडची श्रमविभागणी ही अशी आहे.

2017 च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या त्या जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. अनेकांची दृष्टी काही काळ गेली. विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतूनही मृत्यूच्या बातम्या आल्या. नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाल्या, अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. कारणे पुढे आली ती अशी. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. हवेत उकाडा आणि दमटपणा होता, घामाने ओल्या अंगावर विष चटकन शोषले जात होते. बोंडअळी बी.टी. कपाशीला दाद देत नव्हती म्हणून दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. बॅटरीचे पंप जास्त दाबाने बारीक धुके सोडत होते.

ही सगळी कारणे खरी आहेत. पण सरकारी तोंडातून सर्वांत मोठ्याने जे कारण ऐकू आले, ते वेगळे होते. 'फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, चष्मा वापरला नाही.' म्हणजे मेला तोच गुन्हेगार! मग गावोगाव संरक्षक किटचे वाटप झाले, फोटो निघाले, आणि प्रश्न सुटल्याचे जाहीर झाले.

वाचकहो, या ठिकाणी थांबून विचार केला पाहिजे. विदर्भात सप्टेंबरच्या उन्हात, पाठीवर 16 लिटरचा पंप घेऊन, चिखलात चालत, रबरी हातमोजे, गमबूट, प्लास्टिकचा झगा आणि तोंडावर मास्क लावून कोणी दिवसभर काम करून दाखवावे. किट वाटणाऱ्या साहेबांनी एक तास करून दाखवावे. ज्याला पंपामागे मजुरी मिळते, तो श्वास घ्यायला मास्क खाली ओढणार नाही तर काय करणार?

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशकांबाबतची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे, ती 1985 मध्ये प्रथम स्वीकारली गेली. त्या संहितेत स्पष्ट म्हटले आहे की, ज्या औषधासाठी लागणारी संरक्षक साधने त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी असतील, ते औषधच टाळावे, आणि उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या व शेतमजुरांच्या बाबतीत तर विशेषच. साध्या भाषेत अर्थ असा की माणसाला किटमध्ये कोंबू नका, विष बदला.

कामगार सुरक्षेच्या शास्त्राचाही हाच क्रम आहे. धोका असेल तर पहिले काम, तो धोका मुळातून काढून टाकणे. ते जमत नसेल तर त्याच्या जागी कमी धोक्याची वस्तू आणणे. तेही अपुरे पडले तर यंत्रात सुधारणा, मग कामाच्या वेळा आणि पद्धतीत बदल. आणि सर्वांत शेवटी, बाकी सगळे उपाय संपल्यावर, हातमोजे आणि मास्क. आपण ही शिडी उलटी टेकवली. शेवटच्या पायरीला पहिली केले आणि पहिल्या पायरीचे नावच घेतले नाही. का घेतले नाही? कारण मास्क लावायची जबाबदारी मजुराची असते, आणि विष बदलायची जबाबदारी सरकारची, कंपनीची आणि शास्त्रज्ञांची असते. दुबळ्याच्या खांद्यावर जबाबदारी टाकणे सोपे जाते.

आता एका औषधाचा इतिहास पाहू. त्याचे नाव मोनोक्रोटोफॉस. खेड्यात लहान पोरालाही 'मोनो' म्हणजे काय ते ठाऊक असते. डब्यावर लाल त्रिकोण, म्हणजे सर्वांत विषारी वर्ग. शरीरात नसांचा संदेश थांबवणारे जे एन्झाइम असते, त्याला हे औषध जखडून टाकते. मग लाळ सुटते, घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, छाती भरते, श्वास बंद पडतो. वेळेवर ॲट्रोपिन मिळाले तर माणूस वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने ते 'अत्यंत धोकादायक' वर्गात टाकलेले आहे. अमेरिकेत 1988 मध्येच ते बाजारातून गेले.

आपल्याकडे काय झाले? 2005 मध्ये केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला बंदी घातली. कारण उघड आहे, भाजीतून विषाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो. बंदी योग्यच होती. पण कपाशीवर ते चालू ठेवले. कपाशी कोणी खात नाही ना! कपाशीत फक्त फवारणारा माणूस असतो. खाणाऱ्याच्या जिवासाठी जे औषध बंद केले, तेच फवारणाऱ्याच्या जिवासाठी चालू ठेवले. कायद्याच्या भाषेत याला विषयानुरूप वर्गीकरण म्हणतील, पण आमच्या माणसांना ही विषमता ओळखायला कायद्याचे पुस्तक लागत नाही. विहिरीचे पाणी वरच्यासाठी शुद्ध राहावे म्हणून ज्यांना विहिरीपासून दूर ठेवले, त्यांना ही रीत चांगली परिचयाची आहे.

2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला या औषधावर बंदीचा विचार करायला सुचवले. 2013 च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले मेली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तरीही ते चालूच राहिले. 2017 मध्ये यवतमाळ घडल्यावर महाराष्ट्र सरकारने मोनोक्रोटोफॉससह पाच औषधांच्या विक्रीवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत बंदी घातली. ती किती दिवसांची? साठ दिवसांची! कारण 1968 च्या कीटकनाशके कायद्याच्या कलम 27 खाली राज्याला तेवढाच तात्पुरता अधिकार होता. आणि बंदी आली तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता, फवारणीचा भर ओसरला होता.

2020 च्या मे महिन्यात केंद्राने 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. कंपन्यांनी हरकती घेतल्या, समित्या बसल्या, आणि 2023 मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा पूर्ण बंदी मोजक्या औषधांवर उरली. त्यात मोनोक्रोटोफॉसचे 36 टक्क्यांचे द्रावण एकदाचे आले, पण शिल्लक साठा मुदत संपेपर्यंत विकायची मुभा देऊन. भाजीवरच्या बंदीपासून कपाशीवरच्या बंदीपर्यंत 18 वर्षे गेली.

हा कायदा मुळात आला कसा, तेही आठवावे. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग बसला आणि त्यातून दहा वर्षांनी 1968 चा कायदा जन्मला. म्हणजे कायद्याचे बीजच मेलेल्या गरिबांच्या हाडांत आहे. 1971 च्या नियमांत तर नियम 39 म्हणतो की औषध हाताळणाऱ्याला पुरेसे संरक्षक कपडे असलेच पाहिजेत. हे नियम कारखान्यापासून वावरापर्यंत सर्वांना लागू होते. वावरात त्याची अंमलबजावणी करायला कधी कोणी निरीक्षक आल्याचे मी तरी ऐकले नाही.

परदेशातली गोष्टही उघडी आहे. यवतमाळात जी औषधे वापरात होती, त्यांतले एक डायफेन्थियुरॉन. त्यावर विशिष्ट उतारा नाही. ज्या स्वित्झर्लंडमध्ये ते बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय आहे, त्या देशाच्या बाजारातून ते 2009 मध्येच गेले होते. 2020 मध्ये यवतमाळच्या दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी बासेलच्या न्यायालयापर्यंत पोचले. त्यानंतर, 1 जानेवारी 2021 पासून, स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉससह पाच कीटकनाशकांची निर्यात बंद केली. आपल्या अंगणात नको ते विष दुसऱ्याच्या अंगणात पाठवणे हा जगाचा जुना धंदा आहे. बुद्धाने उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार स्पष्ट शब्दांत आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी जे कळले, ते आजच्या शेअर बाजाराला कळत नाही.

'औषध बंद केले तर पीक जाईल, शेतकरी मरेल', असा धाक नेहमी घातला जातो. या धाकाचे उत्तर शेजारच्या श्रीलंकेत आहे. त्या देशाने मोनोक्रोटोफॉस 1995 मध्ये, एंडोसल्फान 1998 मध्ये आणि पुढे पॅराक्वाटसारखी औषधे टप्प्याटप्प्याने बंद केली. दोन दशकांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरले, आणि अभ्यासकांना या बंदीमुळे भाताचे उत्पादन घटल्याचे आढळले नाही. आपल्या विदर्भात ज्या बाटलीने फवारणारा मरतो, त्याच बाटलीने कर्जबाजारी शेतकरीही जीव देतो. बाटली घरातच नसेल, तर रागाच्या, निराशेच्या त्या एका तासातून कितीतरी जण वाचतील.

मग बाटलीच्या जागी काय? गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घ्या, कारण 2017 च्या फवारण्या मुख्यतः तिच्या धास्तीने झाल्या. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत ते उपाय असे. हंगाम डिसेंबर-जानेवारीत संपवा, फरदड घेऊ नका, कारण फरदडीवरच अळी पुढच्या वर्षापर्यंत जगते. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा आणि पतंग मोजा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तरच फवारणीचा विचार करा. डोमकळ्या वेचून नष्ट करा. ट्रायकोकार्ड लावा, म्हणजे मित्रकीटक अळीची अंडीच खाऊन टाकतात. सुरुवातीच्या रसशोषक किडींसाठी पाच टक्के निंबोळी अर्क आणि पिवळे चिकट सापळे वापरा. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, साबणाच्या पाण्यासह शंभर लिटर केली की अर्क तयार होतो. निंबोळी गावच्या बांधावर पडलेली असते, तिला कंपनीचे लेबल लागत नाही.

हे पुस्तकी नाही. जुन्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात पुनुकुला नावाचे गाव आहे. तिथले कापूस उत्पादक विषबाधेला आणि दुकानदाराच्या उधारीला कंटाळले होते. 1999 च्या सुमारास त्यांनी बिनविषारी कीड व्यवस्थापन सुरू केले आणि 2003 मध्ये ग्रामपंचायतीने गाव कीटकनाशकमुक्त जाहीर केले. पुढे राज्य सरकारने महिला बचत गटांमार्फत हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर नेली. ते काम गावच्या बायकांनी केले. विद्यापीठाने सांगून जे झाले नाही, ते गावाने ठरवल्यावर झाले.

पण पर्यायाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीपासूनही सावध राहिले पाहिजे. डीडीटी पक्ष्यांना, मातीला घातक ठरले म्हणून जगाने त्याच्या जागी पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉसच्या जातीची औषधे आणली. ती मातीत लवकर विरघळतात हे खरे. पण फवारणाऱ्याच्या जिवाला ती डीडीटीपेक्षा कितीतरी भयंकर. पर्याय ठरवताना पक्ष्याची मोजणी झाली, मजुराची झाली नाही. आजही मोनो बंद झाले म्हणून दुकानदार दुसरी तेवढीच जहाल बाटली पुढे करणार असेल, तर बंदीचा उपयोग शून्य. 'जैविक' असे छापलेल्या पण नोंदणी नसलेल्या बाटल्या विकणाऱ्यांचीही कमी नाही. म्हणून कोणत्याही पर्यायाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हे हाताळणाऱ्या उघड्या अंगाच्या माणसाचे काय होईल? विषबाधा झालीच तर तालुक्याच्या दवाखान्यात उतारा आहे काय? आणि हे गावात बनते की पुन्हा उधारीवर आणावे लागते?

एक आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला बगल देणे बरोबर नाही. निंबोळी वेचणे, सापळे पाहणे, डोमकळ्या तोडणे याला माणसे लागतात. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याजवळ मजुरीला पैसे नसतात, आणि तो काही आपला शत्रू नाही. यवतमाळात मेलेल्यांत असे छोटे शेतकरीही होते. दुकानदाराची बाटली उधार मिळते, मजुरी रोख द्यावी लागते. म्हणूनच हा बदल एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. जो पैसा विषाच्या अनुदानात, किटच्या वाटपात आणि मेल्यानंतरच्या मदतीत जातो, तो निंबोळी केंद्रांत, ट्रायकोकार्डच्या प्रयोगशाळांत आणि गावातल्या भूमिहीन बायकांच्या मजुरीत गेला पाहिजे. हाच पैसा वस्तीवर आला तर आमच्या हाताला काम मिळेल आणि छातीत विष जाणार नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न आहे. पंप कोणाच्या पाठीवर येतो हे ठरते सातबारा कोणाच्या नावावर आहे त्यावरून. बाबासाहेबांनी 1947 मध्ये संविधान सभेसमोर ठेवण्यासाठी जे निवेदन तयार केले, त्यात शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातपात न पाहता कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको, अशी मांडणी केली होती. देशाने ती मानली नाही. त्याआधी 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यातल्या कामगाराच्या कामाचे तास कमी करण्यासाठी, विमा आणि कल्याण निधीसाठी पाया घातला. पण कारखान्याच्या भिंतीआतला कामगार कायद्याच्या छत्रात आला, आणि उघड्या वावरातला आमचा माणूस त्या छत्राबाहेरच राहिला.

तरी कायदा अगदीच रिकामा नव्हता, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतीत कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी करणारा मजूर 'कामगार' म्हणून नोंदलेला होता. त्याला सातबारा लागत नव्हता, मालकाची चूकही सिद्ध करावी लागत नव्हती. कामावर असताना विषबाधा झाली एवढे पुरे होते. फक्त दावा दोन वर्षांच्या आत करावा लागे. 2017 मध्ये हा कायदा लागू होता. आता त्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ती बाई माझ्याकडे आली तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. उशीर माफ करण्याचा अर्ज करता आला असता, पण ज्याच्या वावरात नवरा मेला तो मालकच कर्जात बुडालेला, आणि बाईला त्याच्याच वावरात पुढच्या हंगामात निंदायला जायचे होते. तिने कागदांची पिशवी उचलली आणि ती निघून गेली. कायदा पुस्तकात असणे आणि माणसाच्या हाती असणे, यांत एवढे अंतर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा कलम 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. 1996 मध्ये वेल्लोरच्या प्रकरणात सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. 2011 मध्ये याच न्यायालयाने एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली आणि 2017 मध्ये केरळातल्या पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. म्हणजे तत्त्वे सगळी आपल्या बाजूची आहेत. त्यांना वावरापर्यंत नेणारा रेटा हवा.

तो रेटा काय मागणार? लाल त्रिकोणाची सर्व औषधे, मग ती भाजीवर मारा की कपाशीवर, बंद झाली पाहिजेत. एखाद्या औषधाला नोंदणी देताना त्यापेक्षा सुरक्षित पर्याय उपलब्ध असेल तर ती नाकारली पाहिजे. ग्रामीण रुग्णालयात विषबाधेची रक्ततपासणी आणि उतारा दोन्ही असले पाहिजेत. प्रत्येक विषबाधेची नोंद सक्तीची असली पाहिजे, कारण जो मोजला जात नाही तो मेला तरी कोणाच्या खाती जमा होत नाही. आणि अपघात योजनेचा दरवाजा सातबाऱ्यावरून नव्हे, कामावरून उघडला पाहिजे.

आपल्या वस्तीतल्या तरुणांनाही एक सांगणे आहे. या हंगामात पंप उचलण्याआधी डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल असेल तर मालकाला सांगा की हे मारणार नाही. एकट्याने सांगाल तर दुसरा मजूर येईल, म्हणून सगळ्यांनी मिळून सांगा. आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तेव्हाही गाव म्हणाले होते की मग हे काम करणार कोण? ते काम गावाला नंतर वेगळ्या रीतीने करावेच लागले. विष फवारणेही आपण एकजुटीने नाकारले, तर गावाला पर्याय सापडेल. तो तसा बांधावरच पडलेला आहे.